मंदमती मुलगा आणि गुरुकृपा

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण गुरुचरित्राचे पारायण करतो. कुणी घरी करतात, कुणी मंदिरात सामुदायिक पारायणाला बसतात. वर्षानुवर्षे वाचून कथा पाठ होतात, आणि पाठ झाल्या की डोळे नुसते ओळींवरून पुढे सरकतात, हा आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव असेल. गेल्या वर्षीच्या सप्ताहात एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नामुळे मला त्यातले तीन अध्याय पुन्हा सावकाश वाचावे लागले.

या गृहस्थांचा मुलगा वीस-एकवीस वर्षांचा आहे. पूर्वी अशा मुलाला आपण ‘मतिमंद’ म्हणत होतो, आता कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ असा शब्द आहे. पहिल्या दिवशीचे वाचन झाल्यावर चहा घेता घेता ते म्हणाले, “आठव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलगा पंडित झाला. वीस वर्षं मी हा अध्याय वाचतोय. माझ्या पोराच्या डोक्यावर हात कधी ठेवणार?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा जुना खातेदार काउंटरवर येऊन “माझं काम अजून झालं नाही का हो?” असे शांतपणे विचारतो, तसा तो प्रश्न होता. आम्ही चार-पाच जण होतो, पण कुणालाही उत्तर देता आले नाही.

तीन कथा

आपल्या ग्रंथात ही कथा एकदाच येत नाही. आठव्या अध्यायात अंबिका नावाची ब्राह्मणी आहे. मुले जगत नव्हती, एक जगला तो मंदबुद्धीचा निघाला. विद्वान बापाने मारून मुटकून शिकवायचा प्रयत्न केला, काही उपयोग झाला नाही. पुढे बाप वारला, मायलेक भिक्षेवर राहू लागले आणि लोकांच्या टोचण्याला कंटाळून कुरवपुराला कृष्णेत जीव द्यायला निघाले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवले, शनिप्रदोषाचे व्रत सांगितले आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवला.

सतराव्या अध्यायातली कथा तर आमच्या सांगली भागातलीच. करवीरचा एक पोरका मुलगा. विद्वानाच्या पोटी जन्मला, पण विद्या येईना. लोकांची निंदा सहन न होऊन तो भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे उपाशी बसला आणि शेवटी स्वतःची जीभ कापून त्याने देवीला वाहिली. देवीने स्वप्नात सांगितले की पलीकडच्या तीरावर औदुंबराखाली जा. नृसिंह सरस्वती महाराजांनी त्यालाही जवळ केले, त्याला जीभही मिळाली आणि ज्ञानही.

या दोहोंच्या मध्ये अकरावा अध्याय आहे. आठव्यातली अंबिकाच पुढच्या जन्मी कारंज्याला अंबा म्हणून जन्मली आणि तिच्या पोटी साक्षात महाराज आले. पण ते आले कसे? ॐकाराशिवाय एक अक्षर न बोलणारे मूल म्हणून. मुंजीपर्यंत आईबाप काळजीत, शेजारीपाजारी म्हणणार की पोरगं मुकं आहे. ज्या बाईने एक जन्म मंदबुद्धीच्या मुलासाठी सोसले, तिला पुढच्या जन्मी मिळालेला देवही सात वर्षे मुक्याच मुलाच्या रूपात सांभाळावा लागला. इतकी वर्षे वाचूनही ही संगती माझ्या ध्यानात आली नव्हती. पाचव्या अध्यायात पीठापुरातले श्रीपादांचे थोरले दोघे भाऊसुद्धा एक पांगळा आणि एक आंधळा असे सांगितले आहेत. म्हणजे ज्यांना आपण घराच्या आतल्या खोलीत ठेवतो, त्या मुलांना ग्रंथकर्त्या सरस्वती गंगाधरांनी अवतारकथेच्या अगदी मध्यभागी ठेवले आहे.

तरीही त्या गृहस्थांचा प्रश्न उरतोच. कथेतला मुलगा पंडित झाला, यांचा झाला नाही. मग कृपा झाली नाही असे समजायचे का?

बाईंची शाळा

या प्रश्नाचा विचार करताना मला आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका विशेष शिक्षिकेची आठवण होत राहिली. त्यांना नाव छापलेले आवडणार नाही, म्हणून सगळे गाव म्हणते तसे ‘बाई’ एवढेच म्हणतो. मी शाखेत क्लार्क असताना त्यांच्या शाळेचे खाते आमच्याकडे होते, त्यामुळे तीसेक वर्षांची ओळख.

बाई बी. ए. झाल्या आणि बी. एड. करण्याऐवजी पुण्याला जाऊन या मुलांना शिकवण्याचा डिप्लोमा करून आल्या. आपल्याकडे हे काम तसे जुने आहे. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली जय वकील शाळा सुरू केली. पुण्यात सिंधूताई जोशींनी १९६४ साली कामायनी काढली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलामुळे या प्रश्नाकडे वळून १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर उभे केले. पण तालुक्याच्या गावात १९८८-८९ साली अशी शाळा म्हणजे लोकांना चेष्टा वाटली. एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्या, सात मुले आणि एक मावशी, अशी सुरुवात झाली. अनुदान पुष्कळ वर्षांनी आले. तोपर्यंत मानधन, तेही कधी दोन-दोन महिने थकलेले. खाते समोरच असल्यामुळे शिल्लक किती हे मला दिसत होते.

दर महिन्याला एकदा बाई मुलांना घेऊन बँकेत येत. पैसे काढायला नव्हे, शिकवायला. रांगेत उभे राहायचे, पुढच्याला ढकलायचे नाही, आपला नंबर आला की स्लिप पुढे करायची, “नमस्कार” म्हणायचे. दहा मिनिटांच्या या धड्याला कधी कधी पाऊण तास लागे. काही खातेदार कुरकुरत. बाई त्यांना म्हणत, “तुम्ही रांगेत उभं राहायला किती वर्षांत शिकलात, आठवतंय का?” जिभेला त्यांच्या धार होती. त्यांना कुणी संत समजू नये म्हणून हे मुद्दाम लिहितो.

त्यांचे काम नेमके काय, हे मला पुष्कळ दिवस कळले नव्हते. मी समजत होतो की मुलांना सांभाळतात, गाणी म्हणून घेतात. एकदा शाळेत कागदपत्रांवर सह्या घ्यायला गेलो तेव्हा त्या एका बारा वर्षांच्या मुलाला शर्टाचे बटण लावायला शिकवत होत्या. बटण लावणे ही आपल्याला एकच गोष्ट वाटते. त्यांनी तिच्या सात पायऱ्या केल्या होत्या: काजे शोधणे, बटण चिमटीत धरणे, काठ उभा करणे वगैरे. आणि शिकवत होत्या उलट्या क्रमाने. सहा पायऱ्या त्या स्वतः करत, शेवटची, म्हणजे काज्यातून अर्धे बाहेर आलेले बटण ओढून घेण्याची, तेवढी मुलाकडून करून घेत. म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरे होते ते मुलाच्या हातून. ती जमली की शेवटच्या दोन, मग शेवटच्या तीन. आधी त्याच्या हातावर आपला हात, पुढे फक्त मनगटाला बोट, मग नुसती खूण, मग नुसता शब्द, आणि शेवटी काहीच नाही. त्या मुलाला सगळी बटणे आपली आपण लावायला सोळा महिने लागले.

या शाळांत मुलांची प्रगती नोंदवायला मद्रासला तयार झालेली एक तपासणी-यादी वापरत. अठरा विभाग, प्रत्येकात वीस कृती, एकूण ३६० कृती. खाणे, आंघोळ, कपडे, बोलणे, पैसे ओळखणे असे सगळे त्यात येते. येते की येत नाही, याची दर तीन महिन्यांनी नोंद करायची. माझ्यासारख्या हिशेबातल्या माणसाला ते खतावणीचे पुस्तकच वाटले. फरक एवढाच, की आमच्या खतावणीत रोज शेकड्याने नोंदी पडत आणि त्यांच्या पुस्तकात वर्षाला पाच-सहा नोंदी बदलल्या तर बाई पेढे वाटत.

“हे पूर्वजन्मीचे आहे”

आता पहिला नैतिक प्रश्न. असे मूल दिसले की आपल्या तोंडी पटकन येते, “काय करणार, पूर्वजन्मीचं.” कधी हे आईच्या तोंडावरही म्हटले जाते.

कर्मसिद्धांत आपण सगळे मानतो, मीही मानतो. पण तो कशासाठी वापरायचा याचा विवेक हवा. स्वतःवर संकट आले तर ‘माझे प्रारब्ध’ म्हणून धीर धरणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवून ‘त्याचे प्रारब्ध’ म्हणणे वेगळे. पहिल्याने सोसायचे बळ येते, दुसऱ्याने आपण मदतीतून मोकळे होतो. बँकेत प्रत्येकाला आपापले पासबुक पाहण्याचा अधिकार असतो, दुसऱ्याचे उघडून त्यात डोकावण्याचा नसतो. जन्मजन्मांतरीच्या खात्याला तर हा नियम जास्तच लागू आहे.

आठवा अध्याय या दृष्टीने पाहा. अंबिका पाण्यात उतरायला निघाली तेव्हा श्रीपादांनी आधी काय केले? तिला अडवले. लोकांनी टोचून तिला नदीपर्यंत आणले होते, महाराजांनी तिला नदीवरून परत आणले. मग कर्मही सांगितले आणि व्रतही. हा क्रम आपण विसरतो आणि सरळ कर्मापासून सुरुवात करतो.

शिवाय आज कारणेही पुष्कळ कळली आहेत. बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणे, जन्मतः थायरॉइडची कमतरता, आईच्या आहारात आयोडीन नसणे, लहानपणीचा मेंदूज्वर, अशी ती आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असते, हे १९५९ साली प्रसिद्ध झाले. यात आईच्या पापाचा रकाना कुठे नाही. बाईंकडे आलेल्या आयांपैकी कित्येकींनी पहिल्या भेटीत विचारले होते, “माझं काही चुकलं का?” बाई म्हणतात की त्या आईला “नाही” असे शंभर वेळा सांगणे हाच त्यांचा पहिला धडा असे, आणि तो मुलाच्या बटणापेक्षाही सावकाश शिकला जाई.

याच्या उलट टोकाचा एक शब्द आहे, ‘देवाचं लेकरू’. तो आपण मायेने वापरतो. बाईंना तोही चालत नाही. त्या म्हणतात, “देवाचं म्हटलं की आपलं राहत नाही हो. मग त्याला पंक्तीत बसवायचं नाही, लग्नाला न्यायचं नाही, फक्त लांबून हात जोडायचे.” अकराव्या अध्यायातले मूल खरोखर देव होते, तरी त्याच्या आईने त्याला लांबून हात जोडले नाहीत. मूल म्हणूनच वाढवले, त्याच्या न बोलण्याने ती रडली, आणि वेळ झाली तशी त्याची मुंज केली.

खर्च आणि फळ

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो विचारणारी माणसे वाईट नसतात. एवढी मेहनत, एवढा पैसा एका बटणासाठी का? तेवढ्यात दहा हुशार गरीब मुले शिकतील, पुढे कमावतील, घर वर आणतील.

हा प्रश्न हवेतला नाही. आमच्या मंदिर समितीपुढे यंदा तो प्रत्यक्ष आला आहे. भक्तनिवासाच्या मागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली मुले पुढे घरी बसून राहतात. त्यांच्यासाठी तिथे द्रोण-पत्रावळी, वाती आणि उदबत्ती करण्याची कार्यशाळा काढावी, असा प्रस्ताव बाईंनी दिला. त्याच खोल्या भाड्याने देऊन त्या उत्पन्नातून हुशार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी, असा दुसरा प्रस्ताव आहे. एका सभासदांनी सोवळ्याची शंका काढली, एकांनी पारायणात आवाज होईल म्हटले. पण मुख्य मुद्दा फळाचाच होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गुंतवणूक आणि परतावा यांची भाषा मला परकी नाही. शिष्यवृत्तीचा परतावा दाखवता येतो, कार्यशाळेचा दाखवता येत नाही, हे मी मान्य करतो. फक्त, सगळ्या गोष्टी गुंतवणुकीच्या रकान्यात बसतात का, हे आधी ठरवायला हवे. आपण घरातल्या म्हाताऱ्या आईवर जो खर्च करतो त्याचा परतावा काढतो का? रोज पादुकांना अभिषेक करतो, त्या दुधाचा? तिथे आपण म्हणतो, हे कर्तव्य आहे, ही सेवा आहे. मग या मुलांजवळ आल्यावरच आपल्या हातात व्याजाचा तक्ता कुठून येतो? हुशार मुलाला मदत करायला दहा हात पुढे येतात, कारण त्याच्या यशात आपलेही नाव लागते. ज्याच्याकडून नावही मिळणार नाही त्याला मदत करताना आपली परीक्षा असते.

शिवाय फळ कुठे आणि कधी येईल हे आपल्याला कळते, हा समजही खरा नाही. याचे एक उदाहरण देतो. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये अव्हेरॉन प्रांताच्या रानात एकट्याने वाढलेला एक मुलगा सापडला. १८०० साली त्याला पॅरिसला आणले. इटार्ड नावाच्या तरुण डॉक्टराने त्याला व्हिक्टर असे नाव देऊन शिकवायला घेतले. थोरथोर लोक म्हणाले, हा जन्मतःच मंद आहे, वेळ घालवू नका. इटार्डने पाचेक वर्षे कष्ट घेतले. मुलगा कपडे घालू लागला, माया करू लागला, काही लिहिलेले शब्द ओळखू लागला, पण बोलायला शिकला नाही. इटार्डच्या स्वतःच्या मनाने तो हरला. पुढे व्हिक्टरला मादाम गेरँ नावाच्या एका बाईने १८२८ साली तो वारेपर्यंत सांभाळले. इतिहासात तिच्याबद्दल फार ओळी नाहीत.

हिशेब तिथेच मिटवला असता तर खाते बुडीत म्हणावे लागले असते. पण इटार्डच्या हाताखाली सेगँ तयार झाला. त्याने मंदबुद्धीच्या मुलांना हात, डोळा, स्पर्श यांतून शिकवण्याची पद्धत बसवली. मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी रोममध्ये अशाच मुलांबरोबर काम करताना या दोघांची पुस्तके अक्षरशः हाताने उतरून काढली. १९०७ साली त्यांनी त्याच पद्धतीवर सर्वसाधारण मुलांसाठी बालगृह सुरू केले. १९३९ साली त्या भारतात आल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी त्या विचारांना आपल्या मातीतले रूप दिले आणि बालवाडी खेड्यापर्यंत, आदिवासी पाड्यापर्यंत नेली. आज आपली नातवंडे लाकडी ठोकळे रचतात, मणी ओवतात, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवतात, त्यामागे जो मुलगा कधी बोललाच नाही त्याचे ऋण आहे.

अवधूतांनी चोवीस गुरू केले, ते आठवा. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला त्यांनी ती यादी सांगितली. पृथ्वी, वारा, अजगर, कोळी, लहान मूल. यांपैकी एकालाही आपण कुणाचे गुरू आहोत हे ठाऊक नव्हते. शिकणारा हवा होता, तो अवधूत होता. व्हिक्टरकडून शिकणारे निघाले म्हणून तो गुरू ठरला. आपल्या गल्लीतल्या अशा मुलाकडून शिकणारे निघत नाहीत, ही उणीव कुणाची?

पगार घेऊन केलेली सेवा

बाईंच्या बाबतीत आणखी एक आक्षेप मी ऐकला आहे. “त्या काही फुकट करत नव्हत्या. अनुदान आल्यावर पगार घेतलाच की!” आपल्या मनात सेवा म्हणजे बिनपैशाची असे घट्ट बसले आहे.

चोवीस गुरूंत एक बाण करणारा कारागीर आहे. तो बाण पोटासाठीच करत होता. पण बाणाचे टोक सरळ करताना त्याच्या समोरच्या रस्त्याने राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली आणि त्याला कळलेही नाही. अवधूतांनी त्याला एकाग्रतेचे गुरू मानले. तो मजुरी किती घेतो, असे विचारले नाही.

शाळेच्या तपासणीला एकदा वरचे अधिकारी आले होते. बाई एका मुलीला घास तोंडापर्यंत न्यायला शिकवत होत्या. मुलीचा हात हलतो, घास सांडतो, म्हणून त्यांनी तिचे कोपर धरले होते. साहेब दारात उभे राहिले, मावशींनी दोनदा हाक मारली, पण घास तोंडात जाईपर्यंत बाई उठल्या नाहीत. नंतर त्यांना विचारले तर म्हणाल्या, “मला खरंच ऐकू आलं नाही.” पगार त्या महिन्याच्या एक तारखेला घेत असतील. त्या घासाचा पगार कुठल्याच तक्त्यात नव्हता.

आणि निवृत्तीनंतरचे काय? पेन्शनीत बसायचे सोडून बाई दर गुरुवारी दुपारी मंदिराच्या ओसरीवर बसतात आणि पालकांचे कागद करून देतात. या कामाची फार गरज आहे, कारण प्रत्येक आईबापाच्या पोटात एकच भीती असते, “आमच्या मागं याचं कोण?” त्याचे पूर्ण उत्तर कुणाकडे नाही, पण अर्धे उत्तर कागदात आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक तेवढेही गमावतात. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान, आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या प्रमाणपत्रावर बँक पालकाला खाते चालवू देते, रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जुन्या करप्रणालीत पालकांना पाऊण लाखाची, आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. आपल्या ओळखीत असे घर असेल तर एवढी माहिती तरी पोचवावी. पारायणाला जोडून करण्यासारखे हे पुण्य आहे.

मस्तकावरचा हात

आता मूळ प्रश्न. कृपा कुठे आहे?

कथेतल्या दोन्ही मुलांचे खरे दुःख काय होते, हे मी पुन्हा वाचताना पाहिले. विद्या येत नाही हे दुःख होतेच. पण एकाला नदीपर्यंत आणि दुसऱ्याला जीभ कापण्यापर्यंत नेले ते लोकांच्या बोलण्याने. गुरूंनी त्यांना विद्या दिली हे तर झालेच, पण विद्या देण्याआधी जवळ घेतले. ज्याच्याकडे कुणी धड पाहत नव्हते त्याच्या मस्तकाला हात लावला. विद्या देणे अवताराच्याच हातातले आहे. जवळ घेणे मात्र तुमच्याआमच्याही हातातले आहे, आणि कृपेचा हा भाग त्यांनी आपल्यावर सोपवला आहे असे मला वाटते.

त्या गृहस्थांचा मुलगा बाईंच्याच शाळेतला. तो पंडित झाला नाही, होणारही नाही. पण तो स्वतः आंघोळ करतो, कपडे घालतो, दहाची आणि वीसची नोट ओळखतो. गुरुवारी तो मंदिराबाहेर भाविकांच्या चपला जोडीने लावतो आणि एकही जोड चुकवत नाही. वीस वर्षे ते त्याच्या डोक्यावर हात ठेवला जाण्याची वाट पाहत होते. त्यातली बारा वर्षे एक हात रोज त्याच्या हातावर होता. मी त्यांना हे बोलून दाखवले. ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “हो, पण तो बोलला असता तर...” त्या वाक्याला उत्तर नाही, आणि ते खोडून काढण्याचा अधिकार मला नाही. बापाचे दुःख बापाचेच असते. कृपा झाली म्हणजे दुःख संपलेच पाहिजे, असे अकरावा अध्यायही म्हणत नाही. मुलगा बोलायला लागला आणि लगेच घर सोडून जाण्याचा निरोप मागू लागला, तेव्हा अंबा पुन्हा रडलीच.

खोल्यांचा निर्णय समितीच्या पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. माझे मत मी लेखी दिले आहे: शिष्यवृत्तीसाठी आपण वर्गणी काढू, ती सहज जमेल, खोल्या मात्र कार्यशाळेला द्याव्यात. सोवळ्याची शंका काढणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की या सप्ताहात आठवा, अकरावा आणि सतरावा हे अध्याय सावकाश वाचावेत आणि मग मत द्यावे. पारायणात एखादे मूल मध्येच आवाज करील, हे खरे आहे. कारंज्याच्या त्या घरातही सात वर्षे एका मुलाचा एकच आवाज येत होता, आणि घरच्यांना त्याचा अर्थ कळत नव्हता.

महाराजांनी आपल्या सर्वांना अशा मुलांच्या जवळ जाण्याची बुद्धी द्यावी, आणि त्यांच्या आईबापांना मागच्या काळजीतून थोडी तरी झोप द्यावी, एवढीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥